खाडा

मालननं ओवी म्हटली आणि अंगणात बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. एक मी सोडून.

यंत्र गं भिंतीवरी, रोज पुसतं, हाय का गं
पोटीच्या लेकराला, सये, सवड न्हाय का गं

रविवारची दुपार होती. हजेरीच्या यंत्राला वर्ष झालं म्हणून आमचं घरकुल सांभाळणाऱ्या आफरीन मॅडमनी ब इमारतीच्या अंगणात सतरंजी घातली होती, चहा-चिवडा ठेवला होता. "मालनमावशी, यंत्रावर काहीतरी म्हणा की," असं त्या सहज म्हणाल्या आणि मालननं डोळे मिटून, हात गालाला लावून, बसल्या जागी ओवी जुळवली. ती तशीच होती. गिरणीत, सूत गुंडाळायच्या कांडी खात्यात, मशीनच्या घरघरीत तिच्या ओव्या ऐकायला आमच्यावरचा मुकादम, जॉबरसुद्धा घटकाभर उभा राहायचा.

पण हसताना बायकांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझा सुरेश पुण्याला. दोन वर्षं झाली होती त्याला येऊन.

चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना मी तिला गाठलं.

"माझ्या पोराला चव्हाट्यावर कशाला आणलंस गं?"

"तुझ्या पोराचं नाव कुठं घेतलं मी? ओवी हाय ती. ज्याला लागती त्याची."

"सगळ्या माझ्याकडं बघत हुत्या."

"तोंड एवढंसं केलंस म्हणून बघितलं. हसली असतीस तर कुणाच्या ध्यानात तरी आलं असतं का?"

"तुझी छबू येती ना अधनंमधनं, म्हणून तुला सुचतंय."

मालन काहीतरी बोलणार होती. मी बोलू दिलं नाही. जिभेवर आलं ते टाकून दिलं, "आता मेलीस तरी तुझं दार वाजवायची न्हाई मी."

ती दारात उभी होती. गुडघ्यावर हात ठेवून, जरा वाकून. म्हणाली, "नको वाजवूस. यंत्र हाय की मला पुसायला." आणि दार लावून घेतलं.

चारशे सात नंबरचं दार. माझं चारशे दहा, व्हरांड्याच्या टोकाला. मधे दोन कुलपं.

*

आमचं घरकुल गिरणीच्याच जागेवर उभं आहे. सूतगिरणी बंद पडली, भोंगा थांबला, यंत्रं भंगारात गेली, आणि बरीच वर्षं मोर्चे काढून झाल्यावर नगरपालिकेनं तिथं कामगारांसाठी तीन इमारती बांधल्या. जिथं कांडी खातं होतं, जिथं मी आणि मालननं एकोणतीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर काढली, नेमकी तिथंच ब इमारत आली. पोरंबाळं कामधंद्याला बाहेर पडली आणि मागं आम्ही राहिलो. एका घरात एक म्हातारं माणूस, फार तर दोन.

क इमारतीत दत्तू मिस्त्री पाच दिवस घरात मरून पडले होते. वास सुटला तेव्हा कळलं. त्यांच्या शेजारच्यांनी पुढं किती दिवस मान वर केली नाही. त्यानंतर ही यंत्रं आली. स्वयंपाकघरात धूर ओळखणारी डबी, पाय ठेवला की आपोआप लागणारे जिन्यातले दिवे, लिफ्टमधली घंटा. आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ हजेरीचं यंत्र. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला प्लॅस्टिकचा एक बिल्ला दिला. सकाळी नऊच्या आत तो यंत्राला टेकवायचा. यंत्र आपला नंबर बोलून दाखवायचं. नऊपर्यंत बिल्ला टेकला नाही तर खाली आफरीन मॅडमच्या खोलीतल्या फळ्यावर त्या नंबरचा दिवा लाल व्हायचा, त्या माणसाचा मोबाईल आपोआप वाजायचा, आणि तो उचलला नाही तर मॅडम किल्ली घेऊन वर यायच्या. म्हणून एकट्या माणसानं आतून कडी लावायची नाही असा नियम होता.

मॅडम पस्तिशीच्या, दोन पोरांची आई. मोठ्या हौसेनं हे काम करायच्या. यंत्र बसवलं तेव्हा त्यांनी आम्हाला विचारलं होतं, "नंबर बोलल्यावर यंत्रानं पुढं काय म्हणावं? नोंद झाली म्हणावं का?"

"नोंद कसली? हजर म्हणावं," मालन म्हणाली होती. "आमी काय खतावणीतली ओळ हाय व्हय?"

तेव्हापासून यंत्र म्हणायचं, "चारशे सात, हजर." एका बाईचा स्वच्छ आवाज. साऱ्या व्हरांड्यात ऐकू जायचा.

कागदावर त्या यंत्राला काहीतरी मोठं नाव होतं. आम्ही त्याला हजेरीच म्हणायचो. बिल्ला, हजेरी, खाडा. शब्द सगळे गिरणीतले. आणि शब्दांच्या मागोमाग गिरणीतली रीतही घरकुलात आली.

गिरणीत बिल्ला पितळेचा होता. भोंग्याच्या आत तो दारावरच्या पेटीत पडला पाहिजे. पडला नाही तर खाडा. तीन खाडे झाले की दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या बदलीवालीच्या हातात तुमचं मशीन जायचं. म्हणून एकीला अडचण आली तर दुसरी तिचा बिल्ला टाकायची. छबू तान्ही असताना तापानं फणफणली होती. चार दिवस मालनचा बिल्ला मी टाकला आणि दोन्ही मशिनं पळत पळत एकटीनं चालवली. माझ्या नवऱ्याच्या दुखण्यात तिनं माझा टाकला. आम्ही भांडायचो, नळावर भांडायचो, सुट्टीवरून भांडायचो. अबोला धरायचो. पण अबोल्यातसुद्धा बिल्ला चुकायचा नाही. भांडण भांडणाच्या जागी. मैत्रिणीचा खाडा पडू देणं म्हणजे तिच्या पोटावर पाय देणं.

आणि मग घरकुलात मालनचे गुडघे धरले. सकाळी शेक घेतल्याशिवाय दहा पावलं टाकणंही तिला जड व्हायचं. एक दिवस म्हणाली, "आंदे, तू जातीसच, माझाबी टेकीव." मग चारशे दोनमधल्या हिराबाईंनी दिला. त्यांना दम्यामुळे पहाटे डोळा लागायचा. मग तानूबाईंनी. वर्षभरात माझ्याकडे काळ्या दोऱ्यात ओवलेले चार बिल्ले झाले. माझा एक आणि तिघींचे तीन. रोज सकाळी एकेकीच्या दारावरून जाताना हाक मारायची, "उठलीस का गं?" आतून "व्हय" आलं की पुढं. असं सुरुवातीला होतं. नंतर हाकही सुटली. चारही बिल्ले टेकवायचे आणि भाजीला खाली उतरायचं.

खाली मॅडमच्या फळ्यावर आमचा मजला रोज हिरवागार. "चौथा मजला म्हणजे माझा शहाणा मजला," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

*

सोमवारी सकाळी मी बिल्ले घेऊन निघाले. मालनचं दार बंद. एरवी सातपासून तिचा ट्रान्झिस्टर चालू असायचा. त्या दिवशी तो गप होता. मनात म्हटलं, माझ्यावर राग, तो आवाजावर काढलाय. यंत्रापाशी आले. हिराबाईंचा टेकवला. तानूबाईंचा टेकवला. माझा टेकवला.

मालनचा हातात राहिला.

खरं सांगते, क्षणभर वाटलं होतं, राहू द्यावा. पडू दे खाडा, येऊ देत मॅडम वर, बसू दे बोलणी. पण ते गिरणीत कधी केलं नव्हतं. मी तिचा बिल्ला टेकवला. यंत्र म्हणालं, "चारशे सात, हजर." मला माझंच कौतुक वाटलं. एवढं बोलली ती मला, पण बघा, मी माझं चुकले नाही.

मंगळवारी पुन्हा तेच. दार बंद, ट्रान्झिस्टर गप. दाराबाहेर तिच्या चपला. मी दारापाशी जरा थांबले आणि मुद्दाम मोठ्यानं खोकले. आमच्या अबोल्यात खोकल्याचा अर्थ असायचा. खोकल्याला खोकला आला की समजायचं, राग उतरणीला लागलाय.

आतून काही आलं नाही.

"बस मग," मी पुटपुटले. आणि चारही बिल्ले टेकवले. तिचा सगळ्यात शेवटी.

त्या संध्याकाळी मी मागच्या खिडकीत उभी होते. तिथून तिच्या गॅलरीची दोरी दिसते. दोरीवर तिचं हिरवं पातळ होतं. रविवारी सकाळी धुतलेलं. मालनचा एक नेम होता. दिवे लागायच्या आत दोरी रिकामी. रात्रीचं वारं लागलेला कपडा ती अंगाला लावायची नाही. आम्ही चेष्टा करायचो, पण नेम तिचा नेम होता.

मी त्या पातळाकडे बघत राहिले. मग स्वतःलाच समजावलं. गेली असेल छबूकडं, गडहिंग्लजला. रागाच्या भरात गेली असेल, मला न सांगता. दुसऱ्या चपला घालून गेली असेल. किल्ली मॅडमना देऊन गेली असेल. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, अशी मी कारणं कातत बसले. जाऊन दार वाजवलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण तोंडानं बोललेलं आडवं आलं. आणखी एक होतं. इतक्या वर्षांत आमचा प्रत्येक अबोला मालननंच मोडला होता. वाटीत काहीतरी घालून यायची आणि काही झालंच नाही अशी बोलायला लागायची. पहिलं कसं बोलावं, हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

*

बुधवारी सकाळी पावणेनऊला मी यंत्रापुढं उभी होते. बाकीचे तिन्ही बिल्ले टेकवून झाले होते. मालनचा मुठीत होता.

छबूकडं गेली असेल तर टेकवायला हवा. नसेल गेली तर?

हिराबाई कधी नव्हे ते उठून दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं आनंदी, यंत्र बिघडलं का?"

"न्हाई."

"मग अशी का उभी?"

"काय न्हाई. मालनचा ऱ्हायलाय."

"मग टेकीव की. नऊ वाजत आले. मॅडम येतील पळत."

"येऊ देत," मी म्हणाले.

हिराबाईंना कळेना. "अगं, खाडा पडंल तिचा."

"पडू दे."

मी बिल्ला दोऱ्यातून सोडवला आणि कमरेच्या पिशवीत टाकला. दार वाजवायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी ते यंत्रावर ढकललं. तू वाजव. तुझ्यावर काही शपथ नाही.

नऊ वाजले. तिथंच उभी होते मी. आणि मालनच्या घरात फोन वाजायला लागला.

तो आवाज मी अजून विसरले नाही. दारापलीकडून, अगदी जवळून, वाजतच होता. मालन फोन घरी ठेवून कुठं जाणारी बाई नव्हती. जिन्याच्या तोंडाशी जायचं तरी बटव्यात घालून न्यायची, छबूचा आला तर म्हणून. म्हणजे मालन आत होती. सोमवारीही आत होती. मंगळवारीही आत होती.

मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "मालन! ए मालन! मी हाय गं, आनंदी!"

आफरीन मॅडम धापा टाकत वर आल्या. किल्ली लावली. पहिल्या फटक्यात लागली.

मालन मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर, उजव्या कुशीवर. पाय नको तसा वळलेला. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे उघडे होते आणि ते आमच्याकडे वळले.

"जिती हाय," हिराबाई ओरडल्या.

मॅडमनी रुग्णवाहिकेला फोन लावला. मी मालनचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. तिथं तारखेच्या पानांचा गठ्ठा होता. मालन उठल्याउठल्या, चूळ भरायच्याही आधी, कालचं पान फाडायची. गठ्ठ्यावर रविवार होता.

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मालनचा पाय बघून म्हणाल्या, "खुब्याचं हाड गेलंय. कधी पडल्या?"

आफरीन मॅडमनी मोबाईल काढला. अशा वेळी नेमकं सांगता यावं म्हणूनच तर ते सगळं होतं. त्या वाचायला लागल्या, "सोमवारी सकाळी आठ बावीस, हजर. मंगळवारी आठ एकोणीस, हजर. म्हणजे काल सकाळी त्या व्यवस्थित होत्या. त्यानंतर कधीतरी."

"आजी, कधी पडलात? आठवतंय?"

मालननं ओठ हलवले. आवाज सुतासारखा निघाला. "आज... आज सकाळी."

"आज सकाळी? मग जीभ एवढी कोरडी कशी?" डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. "पुन्हा आठवून सांगा."

"आजच," मालन म्हणाली.

आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला कळलं. ती माझा बिल्ला टाकत होती. उभ्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत, पुटपुटत्या ओठांनी. तिच्या अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून ती मला वाचवत होती. मी फक्त गप्प राहायचं होतं. आम्ही दोघींनी जन्मभर तेच केलं होतं. एकीनं टाकायचा, दुसरीनं गप्प राहायचं.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई नर्सकडे वळल्या, "एक्स-रे काढून घ्या, मग—"

"बाई, ती खोटं बोलतीय."

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"रविवारी पडलीय ती. दिवे लागायच्या आत, दोरीवरचं पातळ काढायच्या आधी. दोन दिवसांच्या वर जमिनीवर हुती, पाण्याविना."

"पण आक्का," मॅडम मोबाईल पुढं करत म्हणाल्या, "हजेरी आहे की दोन्ही दिवसांची."

"ती मी लावली. तिचा बिल्ला माझ्याजवळ असतोय. तिघींचे असतात." मी कमरेच्या पिशवीतून बिल्ला काढला आणि खाटेवर ठेवला. "मालनचे दोन खाडे हायेत, मॅडम. मी ते झाकले."

मालननं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. "दोन दिवस? एकाच कुशीवर?" आणि मग त्या भराभर बोलायला लागल्या. नर्सला रक्त घ्यायला सांगितलं, दोन्ही हातांना सलाईन लावायला सांगितलं, कुणालातरी फोन केला. मला म्हणाल्या, "इतका वेळ अंगाखाली दबलेलं मांस सडायला लागतं. त्याचं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. आज सकाळी पडल्या म्हणून नुसतं हाडाकडं बघत बसलो असतो ना, तर..." त्यांनी खाट ढकलत आत नेली.

बाहेरच्या बाकावर आफरीन मॅडम माझ्या शेजारी बसल्या. मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी रोज घरी जाऊन पोरांना सांगायची. माझ्या चौथ्या मजल्यावरची सगळी माणसं आज पण हजर."

"चुकलं, बाळ."

"मी तर ती हिरवी रांग बघूनच समाधानी, आक्का. वर येऊन बघायचं मला कशाला सुचेल?" त्या म्हणाल्या, "लाल दिव्याला मी भ्यायचे. खरं तर त्या लाल दिव्यासाठीच मला तिथं बसवलंय."

गिरणीत खाडा म्हणजे शिक्षा होती. इथं खाडा म्हणजे हाक होती. आणि आम्ही बायकांनी, मायेनं, एकमेकींच्या हाका दाबून टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिराबाईंच्या दारात गेले आणि बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. त्या रागावल्या. "एवढं काम जड झालं व्हय तुला?" तानूबाईंनी तर दोन दिवस बोलणंच सोडलं. मी म्हटलं, नका बोलू, पण टेकवा. नसेल उठवत तर टेकवू नका, मॅडम येतील, मी येईन, दार वाजवू. मॅडमनीही नगरपालिकेत सगळं लिहून दिलं, स्वतःची बोलणी बसली तरी. ज्यांना जिन्यापर्यंत येववत नव्हतं त्यांच्यासाठी बिल्ल्याची जागा दारातच, हाताच्या उंचीवर करून घेतली. पुढं सहा महिने आमचा मजला रोज लाल-हिरवा असायचा आणि मॅडमचे पाय दुखायचे.

*

मालन वाचली. तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुवून काढलं, मग खुब्यात सळई घातली. त्यानंतर ती सहा वर्षं होती. वॉकर धरून व्हरांड्यात फिरायची, त्याच्या ठकठकीवर ओव्या जुळवायची. पण त्या तीन दिवसांबद्दल ती एकदाच बोलली. दवाखान्यात, आठव्या दिवशी. छबू गडहिंग्लजहून आली होती आणि चहा आणायला खाली गेली होती. खाटेजवळ मी एकटी होते. तोवर मालन माझ्याशी बोलली नव्हती. मीही खाली मान घालून पाणी देत होते, कूस बदलत होते.

मीच पहिलं बोलले. जन्मात पहिल्यांदा.

"मालन, मला शिव्या तरी घाल."

"घातल्या," ती म्हणाली. "तवाच घातल्या. तुला ऐकू गेल्या न्हाईत."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"ती ओवी माझ्या छबूवर हुती," ती छताकडे बघत म्हणाली. "दीड वरीस झालं हुतं ती येऊन. तू बाजारात असताना येऊन गेली असं मीच सांगायची. तुला सांगणार हुते, पण तू तुझंच लावून धरलंस." जरा दम घेतला. "रविवारी सांजच्याला पडले तवा पयल्यांदा सुदच न्हवती. मग सोमवारी सकाळी जिन्यातनं आवाज आला. चारशे सात, हजर. माझ्या दारापासनं दहा पावलं तर यंत्र. मला लई बरं वाटलं आंदे. म्हटलं, भांडली तरी इसरली न्हाई मला. आता येईलच आत."

माझ्या हातातलं फुलपात्र मी खाली ठेवलं.

"मंगळवारी तू खोकलीस. मी वरडायला गेले तर घशातनं वारंच आलं नुसतं. आणि परत ते यंत्र बोललं. हजर. मी हितं मोरीत पडलीया आणि ती बया भाईर सांगतीया, हजर म्हणून. तवा तुला शिव्या घातल्या. तुझ्या सात पिढ्यांना घातल्या."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी दिवस उगवल्यापासनं कान लावून हुते. हिराबाईचा नंबर बोलला. तानूचा बोलला. तुझा बोलला. मग गपच झालं." तिनं माझा हात शोधला. तिचा हात सलाईननं सुजलेला, गार होता. "मी वाट बघितली. यंत्र काय माझं नाव घेईना. तवा मला कळलं."

"काय कळलं?"

"म्हटलं, आता माणसं येनार," मालन म्हणाली. "म्हणून डाव्या हातानं कसातरी पदर सारका करून घेतला."